शेऱ्याचा रकाना

ज्या शाळेची ही गोष्ट, तिचं नाव मी सांगणार नाही. नाव घेण्याची तिची लायकी नाही. भायंदरहून गाडीने अर्ध्या तासावर होती, मुलींची होती, खासगी होती, आणि फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही अंगांना लाल रंगवलेल्या कुंड्या होत्या, एवढं पुरे. त्या पायऱ्यांवर एकोणीसशे पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये उत्तनची रेजिन मुनीस आपल्या मुलीचा, इझाबेलचा, हात धरून उभी होती. वर व्हरांड्यात एक कारकून चष्मा पुसत पुसत यादी वाचत होता.

घेतलेल्या मुलींची नावं आधी वाचून झाली. त्यांत इझाबेल नव्हती. मग कारकुनाने दुसरा कागद उचलला. "आता ही वेटिंग लिस्ट. परीक्षेत पास, पण बाकं भरली. जागा झाली की या नंबराप्रमाणे घरी पत्र येईल. नंबर एक, अनसूया भोईर, भायंदर. नंबर दोन, इझाबेल मुनीस, उत्तन." असं करत तो सातपर्यंत गेला. सातवी काशीमिऱ्याच्या एका लष्करी ठेकेदाराची मुलगी. तिचा बाप उन्हात उभा नव्हता, आत खुर्चीवर बसून सरबत पीत होता. रेजिनने ते पाहिलं, पण त्यातून काही ताडलं नाही.

आपण शहाणी माणसं. वेटिंग लिस्ट म्हटल्यावर त्याच संध्याकाळी आपण कोणाचा वशिला लागतो ते शोधायला निघालो असतो. रेजिन मात्र समाधानाने पायऱ्या उतरली. तिला भोळी म्हणण्याआधी तिच्या गावची एक रीत ऐका.

उत्तनला बोंबील मारतात ते डोल जाळ्याने. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबच लांब जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवायचं, मासळी भरती-ओहोटी आणून घालते. खुंटाच्या चांगल्या जागा मोजक्या आणि होड्या जास्त, म्हणून हंगामाच्या तोंडावर चर्चच्या अंगणात चिठ्ठ्या निघत. ज्यांना जागा मिळाली नाही ते पाळीवर राहत. कोणाची होडी फुटली, कोणी जागा सोडली, की पाळीतल्या पहिल्याला ती मिळे. त्याला नको असेल तर त्याने चार माणसांदेखत तोंडाने म्हणायचं, "मी उतरलो, मागच्यानं चढावं." तो तसं बोलेपर्यंत मागचा माणूस खुंटाला हात लावत नसे, मग पुढचा आजारी असो नाहीतर परगावी गेलेला असो. फार वर्षांपूर्वी एका दुमिंगने पाळी मोडून जाळं बांधलं होतं. त्याला कोणी मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त त्या दिवसापासून त्याची होडी वर ओढायला कोणी हात लावला नाही. होडी काही एकट्या माणसाच्याने ओढली जात नाही. दोन महिन्यांत तो आपणहून खुंट सोडून मोकळा झाला.

असल्या गावात वाढलेल्या बाईला कारकुनाने "नंबर दोन" सांगितलं होतं. तिच्या लेखी शाळेने शब्द दिला होता.

पायऱ्यांखाली तिची नंबर एकच्या आईशी गाठ पडली. द्वारका भोईर, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. त्या गर्दीत काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या या दोघीच होत्या, बाकी सगळ्या गोल पातळातल्या. दोघी आपापल्या पोरी घेऊन एकाच गाडीने परत आल्या. भायंदरच्या बाजारात उतरल्यावर द्वारकाने शाळेच्या झग्यासाठी निळं कापड घेतलं.

"आत्ताच कशाला घेतेस, द्वारकाबाय?" रेजिनने विचारलं.

"माझा पयला नंबर हाय," द्वारका म्हणाली. "पत्र येल तवा शिवत बसू का?"

रेजिनला ते पटलं. तिने मात्र कापड घेतलं नाही. पुढची पाळी अजून चढायची होती.

इझाबेलला इंग्रजी शिकवायचं हे खूळ रेजिनच्या डोक्यात कुठून आलं, तेही सांगायला हवं. इझाबेल हुशार होती, मराठी चौथीत तिचा पहिला नंबर कोणी घेतला नव्हता, सगळ्या आळीची पत्रं तीच वाचायची आणि तीच लिहायची. पण हुशार पोरी काय, बोंबील वाळत घालण्यातही हुशारच असतात. खूळ शिरलं ते त्रेचाळीस सालच्या तारेमुळे.

शेजारच्या मोनीचा नवरा बोटीवर खलाशी होता. लढाईचे दिवस, आठ महिने त्याचा पत्ता नव्हता. एक दिवस तारेचा शिपाई आला, कागद मोनीच्या हातात दिला, बोटीच्या कंपनीकडून आहे एवढं सांगून गेला. तार इंग्रजीत. पाद्री वसईला गेलेले. इझाबेलने कागद उलटासुलटा केला, पण तिला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. मोनीला वाटलं, कंपनी कशाला उगाच तार करील, येत असणार घरी. मग काय, तिने भिंती सारवल्या, पोरांना न्हाऊ घातलं, पीठ भिजवून फुगे, म्हणजे सणाचे गोल वडे, तळले. कोंबडी रेजिनने दिली. चौथ्या दिवशी पाद्री आले आणि त्यांनी तार वाचली. बोट बुडाली होती. तीन दिवस मोनी विधवा होती आणि फुगे तळत होती.

रेजिनला त्या दिवशी जो राग आला तो पुन्हा उतरलाच नाही. तो कंपनीवर होता, तारेवर होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर होता, कारण कोंबडी तिने दिली होती. गावात इंग्रजी वाचणारं एक तरी माणूस पाहिजे, आणि ते माझ्या घरातलं असेल, असं तिने मोनीच्या ओट्यावर बसून ठरवलं. कोणाला बोलली नाही.

जून उजाडला, शाळा उघडली, पत्र आलं नाही. रेजिनचा नवरा पास्कू पावसाळ्यात जाळी विणत घरी बसलेला. रोज तेच तेच ऐकून त्याचे कान किटले.

"मिठाच्या शेठचा मुनीम माझ्या वळखीचा हाय," तो म्हणाला. "शेठ त्या शाळेवाल्यांच्यात ऊठबस करतात. एक चिठ्ठी आणतो, पोर उद्या बाकावर बसंल."

"आनि द्वारकाची पोर? ती पुढं हाय. ती उतरल्याबिगर आपुन कशे चढू?"

"रेजिन, ती शाळा हाय, खुंट न्हाय."

"शाळा असली म्हनून काय झाला? यादी वाचली ना सगळ्यांच्या समोर?"

पास्कू चूक नव्हता. जगाची रीत त्याला तिच्याहून जास्त कळत होती, कारण बंदरावर व्यापाऱ्यांशी त्याचा रोजचा संबंध. पण चिठ्ठी काही त्याने आणली नाही. दुमिंगची होडी ओढायला नकार देणाऱ्यांत त्याचा बापही होता.

जुलै सरत आला तेव्हा मात्र रेजिनच्या मनात आलं की पुढच्याला विचारायला हवं. द्वारकाची पोर चढली असेल तर आपली पाळी लागलीच आहे. नसेल तर का नाही ते कळेल. शिधा-पाण्याचं बघून, सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन ती भर पावसात चार-साडेचार मैल चालत भायंदरला गेली. मिठागरं पाण्याखाली होती. बांधाच्या कडेला द्वारकाचं घर, दारात बसून ती भाताच्या रोपांच्या जुड्या मोजत होती.

"द्वारकाबाय, चढलीस का उतरलीस?" रेजिनने रीतीप्रमाणे उभ्या उभ्या विचारलं.

द्वारकाने हातातली जुडी खाली ठेवली. "मना वाटला तुझी पोर गेली. पत्र न्हाय, काय न्हाय. मी म्हनला, आमचा नंबर पयला, पन आमी मिठागरातली, आमाला मागं ठेवला असंल."

"आमाला तरी कुठं आला पत्र?"

मग आतून अनशी बाहेर आली. अनसूयाला घरी अनशीच म्हणत. उंच, हाडकुळी, बघून ठेवणारी पोर. ती म्हणाली, "ती सातवी जाते."

"कोन सातवी?"

"काशीमिऱ्याची. मी ठेसनावर भाजी घेऊन बसते ना, रोज बघते. टांग्यातून उतरते. निळा झगा, पांढरी कॉलर. जूनपासून जाते."

रेजिन खाली बसली. एक, दोन, तीन करत तिने बोटं मोडली. सातापर्यंत जायला दुसऱ्या हाताची दोन बोटं लागली. मधल्या चार पोरींची नावं तिला आठवत नव्हती, पण त्याही कुठेतरी दारात बसून पोस्टमनची वाट बघत असणार, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि तिचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत जाऊन कारकुनासमोर उभ्या राहिल्या. त्याने ओळख दाखवली नाही.

"सातवी आत गेली आनि पयली घरी कशी?" रेजिनने विचारलं.

"बाई, ही काय रेशनची रांग आहे? तुमची नावं यादीत आहेत. वाट बघा."

"मग ती का न्हाय वाट बघली?"

"ते वरून ठरतं."

"वरून म्हंजे? देवाकडून?"

"ट्रस्टींकडून," कारकून म्हणाला आणि चष्मा पुसू लागला. "आणि आवाज खाली. वर्ग चालू आहेत."

वर्ग चालू होते हे खरं. कोणतीतरी इंग्रजी कविता पन्नास पोरी एका सुरात म्हणत होत्या. त्या आवाजाखालून दोघी बायका कुंड्यांमधून चालत बाहेर आल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं, आवाज खाली ठेवायचा तो यांनीच.

भायंदर स्टेशनच्या बाकावर बसून रेजिन जे बोलली ते छापण्याजोगं नाही. कारकून, ट्रस्टी, ठेकेदार, सगळ्यांचा तिने उद्धार केला, आणि तोही खणखणीत आवाजात, कारण इथे वर्ग चालू नव्हते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ काळी टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गुप्ते म्हणून, तारमास्तर, वर्षापूर्वी पेन्शनीत निघालेले. सवय सुटत नाही म्हणून संध्याकाळी स्टेशनावर येऊन बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुठल्या गावच्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"उत्तनची."

मास्तरांनी मांडीवरची टोपी उचलून बाकावर ठेवली. मग म्हणाले, "त्रेचाळीस साली उत्तनची एक तार मी घेतली होती. बोटीच्या कंपनीची. मीच लिहिली, शिपायाच्या हातात दिली आणि घरी जाऊन जेवलो. ती तिकडे कोणाला वाचता येईल का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुढे ऐकलं मी, काय झालं ते."

रेजिनने त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे ओले झाले होते. ते त्याने लपवले नाहीत.

"पोरी पाठवा माझ्याकडे," ते म्हणाले. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. चार वाजता. दोघींना पाठवा."

अशी ती शिकवणी सुरू झाली. गुप्ते मासळीला नाही म्हणणाऱ्या जातीतले नव्हते, त्यामुळे फीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटला. रेजिन टोपली घेऊन बाजारात बसे, इझाबेल आणि अनशी मास्तरांच्या पडवीत. मास्तरांकडे पुस्तकं थोडी, म्हणून जुनी वर्तमानपत्रं, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, रेल्वेच्या नोटिसा, जे इंग्रजी हाताला लागेल ते वाचायचं. अनशीला बोलणं लवकर जमलं, इझाबेलला वाचणं. शिकवणीने काम भागत होतं, पण शाळा ती शाळा. शाळेशिवाय मॅट्रिक कठीण, मॅट्रिकशिवाय कुठे कोणी उभं करत नाही, हे मास्तरांनीच रेजिनला सांगितलं होतं. त्यामुळे दर महिन्याला ती पोस्टमनला विचारत राहिली.

श्रावणात अनशीला बारा पुरी झाली. शाळेचा नियम असा की बारा पुरी झालेली मुलगी पहिल्या इंग्रजीत, म्हणजे मराठी चौथीनंतरच्या वर्गात, घ्यायची नाही. मे महिन्यात शिवलेला निळा झगा द्वारकाने पेटीत तळाशी घातला.

पुढच्या वर्षी, शेहेचाळीसच्या जूनमध्ये, पत्र आलं.

पोस्टमनने हाक मारली तशी सगळी आळी जमली. इंग्रजी कागद म्हटला की उत्तनात आता सगळे हातातलं काम टाकून धावत. मोनीही येऊन उभी राहिली. इझाबेलने पाकीट फोडलं आणि ओट्यावर उभी राहून वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. पाद्री लागले नाहीत, कोणी लागलं नाही. पहिल्या इंग्रजीत एक जागा इझाबेल मुनीस हिला देऊ केली आहे, आठ दिवसांत पालकांनी येऊन सही करावी. एक 'ऑफर' शब्द तिला अडला होता. तो मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सांगितला. "ऑफर म्हणजे देऊ केलं. समोर धरलं. घ्यायचं की नाही ते तुमच्या हातात." आणि हेही सांगितलं की लढाई संपली, लष्करातली बिऱ्हाडं उठून गेली, शाळेची बाकं रिकामी पडलीत, म्हणून ही आठवण झाली आहे.

रेजिनला काय, कारण काही का असेना. तिला आनंद झाला, भरून आलं, ती मोनीच्या गळ्यात पडून रडली. इझाबेलला नाताळात बारा पुरी होणार होती. हे वर्ष गेलं असतं तर सगळंच गेलं असतं. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "अनशीचा नाव हाय का त्यात?"

"न्हाय," इझाबेल म्हणाली.

तेव्हा पुन्हा भायंदर. द्वारका बांधावर होती. रेजिनने पत्र दाखवलं आणि मान खाली घालून विचारलं, "तू उतरतेस का?" एवढे तीन शब्द बोलायला तिला सगळा रस्ता लागला होता.

द्वारका आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात निळा झगा होता. घडी मोडलेली नव्हती.

"अनशीला आता आखूड व्हतो," ती म्हणाली. "इझाला बसंल. पोरीला शिकव, रेजिनबाय. मी उतरले."

"हितं बोलून चालायचा न्हाय. तितं चल. चार मानसांच्या समोर बोल, मंजे उद्या कोनी माझ्या पोरीला बोल लावनार न्हाय."

अशा त्या चौघी शाळेत निघाल्या: निळा झगा घातलेली इझाबेल, दोघी आया, आणि शाळा आतून कशी असते ते एकदा बघायचं म्हणून अनशी. झगा इझाबेलला मापून घेतल्यासारखा बसला होता.

कारकून तोच, चष्मा तोच. पत्र बघून त्याने या वेळी चक्क या, बसा केलं. रेजिन बसली नाही. तिने द्वारकाला पुढे केलं. द्वारका टेबलाजवळ उभी राहिली आणि व्हरांड्यातल्या शिपायाला, दोन मास्तरणींना आणि कारकुनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीचा पयला नंबर व्हता. मी उतरले, मागच्यानं चढावं."

मास्तरणी एकमेकींकडे बघून हसल्या. कारकुनालाही हसू आलं. "उतरले म्हणजे कुठून उतरले, बाई? ते तुमचं गावचं गावात ठेवा. सही करा इथे आणि मुलीला वर्गात धाडा."

त्याने एक जाडजूड वही उघडून त्यांच्याकडे फिरवली. डाव्या पानावर गेल्या वर्षीची यादी, उजव्या पानावर या वर्षीची. उजवीकडे सगळ्यांत वर इझाबेलचं नाव, आणि त्यापुढे शेवटचा रकाना कोरा. त्याने टाक शाईत बुडवून रेजिनपुढे धरला.

"मना लिवता येत न्हाय," रेजिन म्हणाली. "माझी पोर करील."

टाक हातात घेऊन इझाबेल वहीवर वाकली आणि तशीच राहिली. तिचं बोट डाव्या पानावर गेलं. पहिल्या ओळीवरून ते शेवटच्या रकान्यापर्यंत सरकलं, मग दुसऱ्या ओळीवर आलं, मग तिसऱ्या.

"आये," ती म्हणाली, "हितं अनशीचा नाव हाय. पुढं लिवलंय, ऑफर्ड. डिड नॉट कम. जून बारा तारीख."

"मंजे?"

"जागा देऊ केली. आली न्हाय." ती पुढे वाचत गेली. "माझ्या नावापुढं पन तेच. तिसरीच्या पन तेच. सहाही जनींच्या पुढं तेच लिवलंय, एकाच शाईनं. सातवीच्या पुढं लिवलंय, घेतली."

अनशी जवळ सरकली. तिने आपलं नाव आणि त्यापुढचे चार शब्द स्वतः वाचले. वाचता तिलाही येत होतंच.

"आमी आलो न्हाय?" द्वारका हळू आवाजात म्हणाली. "मे महिन्यात झगा शिवून ठेवलेला. दारात बसून व्हतो आमी."

कारकुनाने वही ओढून घ्यायला हात पुढे केला, पण इझाबेलचा तळवा पानावर होता. "अहो, तो शेरा आहे शेरा," तो घाईघाईने म्हणाला. "सातवी घ्यायची तर वरच्या सहांपुढे काहीतरी भरावं लागतं. इन्स्पेक्टर तपासायला येतात. नुसता रकाना भरायचा असतो, त्यात कोणाचं काय जातं? आणि तुमचं काम आज होतंय ना? मग जुनी पानं कशाला उकरता?"

कोणाचं काय जातं. अनशीचं वर्ष गेलं होतं, वय गेलं होतं, शाळा गेली होती. आणि गेली ती गेली, वर ठपका तिच्यावरच, की बोलावलं होतं, आलीच नाही. उद्या कोणी ही वही उघडली तर त्याला दिसणार की मिठागरातल्या लोकांना पोरी शिकवायच्याच नसतात.

तरीही खरं ते सांगतो, क्षणभर रेजिनच्या मनात आलं की सही करून टाकावी. समोर इझाबेल निळ्या झग्यात उभी होती. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते एका सहीवर आलं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा पत्र येणार नव्हतं. मॅट्रिक गेलं. मोनीच्या ओट्यावर मनाशी दिलेला शब्द निम्मा राहिला.

द्वारकाने तिचं मन ओळखलं असावं. "कर सही, पोरी," ती इझाबेलला म्हणाली. "मी उतरले हाय. सगळ्यांच्या समोर उतरले."

"जिला कधी चढूच दिली न्हाय ती उतरंल कशी?" रेजिन म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. ती कारकुनाकडे वळली. "पयला नंबर हिचा. हिला घ्या. मग माझीला घ्या."

"तिचं वय गेलं, बाई. नियम आहे."

"वय कुनी घालवला?"

चष्मा पुसायला कारकुनाने रुमाल शोधला, तो सापडेना. मास्तरणी आता हसत नव्हत्या. त्यांतली एक भिंतीकडे बघत होती.

"इझा," रेजिन म्हणाली, "सही करू नको."

इझाबेलने आईकडे पाहिलं. शाळेत तिलाही जायचं होतं, आईपेक्षा कांकणभर जास्तच. पण टाक तिने खाली ठेवला नाही. "मग काय लिवू?"

"खरा असंल ता लिव."

इझाबेलने टाक पुन्हा शाईत बुडवला. उजव्या पानावर आपल्या नावापुढच्या कोऱ्या रकान्यात तिने, मास्तरांनी गिरवून घेतलेल्या गोल अक्षरांत, सावकाश लिहिलं. कारकून "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने टीपकागदही दाबला. मग टाक दौतीत ठेवला आणि अनशीचा हात धरला.

"काय लिवलास?" फाटकाबाहेर आल्यावर रेजिनने विचारलं.

"जागा देऊ केली. आली न्हाय."

उजव्या पानावर एकदा, डाव्या पानावर सहा वेळा, असं त्या वहीत तेच वाक्य आता सात वेळा होतं. त्यांतलं सातवं तेवढं खरं होतं.